सॅम (तीव्र कुपोषित) बाळांसाठी शेंगदाण्याची पेस्ट : आमच्या गटानं करावी का, आणि तपासायची कशी?

दाणेकूट

नमस्कार मंडळी. कागल तालुक्यातल्या एका महिला बचत गटाचं काम मी बघते. चिक्की, दाण्याचे लाडू, शेंगदाणा चटणी असा आमचा माल. गूळ इथलाच, शेंगाही बहुतेक इथल्याच.

गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या कडेला ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. त्यांच्या कोप्यांमधली, म्हणजे झोपड्यांमधली, लहान पोरं बघून जीव तुटतो. अंगणवाडीच्या ताई दंडाला पट्टी लावतात, पट्टी लाल रंगावर आली की वहीत ‘सॅम’ लिहितात. गेल्या हंगामात आम्ही लाडू नेऊन दिले. पोरांनी खाल्ले, आयांनी दुवा दिला. पण वजनात काय फरक पडला ते कुणालाच सांगता येईना.

आमच्यातल्या एका मुलीनं वाचलं की जगभर अशा मुलांना शेंगदाण्याची पेस्ट पाकिटातून देतात. दाणे, दूध पावडर, साखर, तेल. चारही जिन्नस आमच्या दारात आहेत. साखरेऐवजी गूळ घालू, असंही ठरलं. पण आता गटात दोन तट आहेत. काही जणी म्हणतात, अन्नच तर आहे, त्याला कसली चाचणी? बाकीच्या म्हणतात, आजारी लेकराच्या तोंडात घालायचं तर तपासल्याशिवाय नको. मी दुसऱ्या बाजूची आहे. पण तपासायचं म्हणजे नेमकं काय? प्रयोगशाळेत नमुना दिला की झालं, की मुलांना देऊन बघायचं? आणि देऊन बघायचं तर तसं करायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

जाणकारांनी सविस्तर लिहावं. वाचायला वेळ आहे.

पेठेतला

ताई, काम लई भारी. बिनधास्त करा. आमच्या आजीनं सात पोरं वाढवली ती दूध-भाकरी आणि दाण्याच्या कुटावर. तिनं कुठं चाचणी केली? शेंगदाणा-गूळ म्हणजे हाडामासाला धरणारं खाणं. पैसे कमी पडले तर सांगा, आमच्या तालमीची पोरं वर्गणी काढतील.

बालविभाग

पेठेतला, वर्गणीची तयारी आवडली, ती लक्षात ठेवतो. पण आजींची सात मुलं आणि सॅम मूल यांत फरक आहे, आणि धाग्याचा सगळा प्रश्न त्या फरकात आहे.

सॅम म्हणजे तीव्र कुपोषण. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली, किंवा उंचीच्या मानानं वजन उणे तीन एसडीच्या (एसडी म्हणजे सरासरीपासूनचं अंतर मोजायचं माप) खाली, किंवा दोन्ही पायांवर दाबलं की खड्डा पडणारी सूज. या तीनपैकी एकही असलं तरी ते मूल सॅम. ते नुसतं बारीक मूल नसतं. शरीरानं जगण्यासाठी स्वतःचे स्नायू जाळलेले असतात. हृदय, यकृत, आतडी सगळी मंद चालीवर असतात. पेशींमधलं पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फरस आटलेलं असतं. अशा मुलाला पहिल्याच दिवशी दाबून खायला घातलं तर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपकन खाली जातं आणि हृदय थांबू शकतं. प्रेमानं भरवलेल्या घासानं मूल दगावतं, हे ऐकायला कठीण आहे, पण खरं आहे.

म्हणून भूक मेलेली, ताप, न्यूमोनिया, जुलाब, अंग थंड पडणं असं काही असेल तर मूल आधी दवाखान्यात भरती करतात. तिथं सुरुवात एफ-७५ दुधानं होते. शंभर मिलीत ७५ किलोकॅलरी, प्रथिनं आणि मीठ मुद्दाम कमी, दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं. या टप्प्यात लोहाचं औषधही देत नाहीत. भूक परतली की मग एफ-१०० हे जास्त ऊर्जेचं दूध, किंवा पेस्ट.

ज्या मुलाला गुंतागुंत नाही आणि भूक चांगली आहे, त्याच्यावर घरी उपचार होऊ शकतात. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, जागतिक अन्न कार्यक्रम आणि संयुक्त राष्ट्रांची पोषणविषयक स्थायी समिती यांनी २००७ मध्ये एकत्रितपणे तसं सांगितलं. पेस्टची जागा इथं आहे. पण घरी पाठवण्याआधी दवाखान्यात आपल्यासमोर पेस्ट देऊन मूल खातंय का ते बघायचं. खाल्लं नाही तर भरती. दाणेकूटताई, तुमच्या पेस्टची पहिली चाचणी होण्याआधी ही मुलाची चाचणी येते.

रंकाळाकाठ

पेस्टची मूळ गोष्ट थोडक्यात सांगतो. एफ-१०० दूध गुणकारी, पण पाण्यात कालवावं लागतं आणि झोपडीत ठेवलं की तासाभरात त्यात जंतू वाढायला लागतात. त्यामुळे आई-मूल दोघं आठवडेच्या आठवडे केंद्रात अडकून पडत. १९९६ च्या सुमारास फ्रान्सचे बालपोषणतज्ज्ञ आंद्रे ब्रियां यांनी एका कंपनीबरोबर याच दुधातला काही भाग काढून शेंगदाण्याची पेस्ट घातली. पाणीच नाही, तर जंतूंना वाढायला जागा नाही. शिजवायचं नाही, कालवायचं नाही, पाकीट फाडून मुलाला चोखायला द्यायचं. ९२ ग्रॅमच्या पाकिटात ५०० किलोकॅलरी. २००५ च्या नायजरमधल्या दुष्काळात हजारो मुलांवर घरी उपचार झाले ते यामुळे.

प्रमाणही सांगून ठेवतो, पुढच्या चर्चेला लागेल : सायीसकटच्या दुधाची पावडर ३० टक्के, साखर २८, शेंगदाण्याची पेस्ट २५, तेल १५, आणि जीवनसत्त्वं-खनिजांचं मिश्रण १.६ टक्के.

पेठेतला

म्हणजे दाण्यापेक्षा दूध जास्त! हे ठाऊक नव्हतं.

बालविभाग

आणि सगळ्यात महाग जिन्नसही तोच, म्हणून कमी करायचा मोह सगळ्यांना होतो. मलावीत त्याची रीतसर चाचणी झाली, २०१० मध्ये निकाल आले. एका गटाला २५ टक्के दूध पावडरची पेस्ट, दुसऱ्याला १० टक्क्यांची, उरलेलं प्रथिन सोयाबीनमधून. १८०० च्या वर मुलं. बरं होण्याचं प्रमाण ८४ आणि ८१ टक्के, वजन आणि उंचीची वाढही जास्त दुधाच्या गटात चांगली. तीन टक्के किरकोळ वाटतात, पण हजार मुलांमागे ती तीस मुलं आहेत. एका गावात दहा मुलांना देऊन हा फरक कधीच दिसला नसता. चाचणी मोठी का लागते, त्याचं उत्तर यात आहे.

चुलीवरची_भाकरी

माझा सूर वेगळा लागणार आहे, आधीच सांगते.

कुपोषण हा भुकेचा, मजुरीचा, पाण्याचा, आईच्या ताकदीचा प्रश्न आहे. त्याला पाकिटाचं उत्तर दिलं की सरकारचं काम सोपं होतं. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अन्नाच्या अधिकाराच्या खटल्यात सांगितलं की अंगणवाडीच्या आहारासाठी ठेकेदार नकोत. किती वर्षं भांडून ते मिळालं! २००९ मध्ये युनिसेफनं बिहार आणि मध्य प्रदेशात बाहेरून आणलेली पाकिटं केंद्रानं थांबवायला लावली. २०१७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं राज्यांना कळवलं की ही पेस्ट म्हणजे सरकारचं स्वीकारलेलं धोरण नाही. हे विरोध उगाच झाले नाहीत. एकदा बाजार उघडला की सॅम, मॅम (मध्यम कुपोषित), नुसतं बारीक मूल, सगळ्यांच्या हातात पाकीट येईल आणि घरातली भाजी, डाळ, अंडं मागं पडेल. गोड पेस्टची चव लागलेलं मूल भाकरीला तोंड लावेल का?

बचत गटावर माझा राग नाही, उलट गटानं ताजा गरम आहार करावा या मताची मी आहे. पण ‘उपचाराचं अन्न’ हा शब्द जपून वापरा एवढंच.

बालविभाग

चुलीवरची भाकरी, तुमची भीती खोटी नाही. पण घरचं अन्न की पेस्ट, हा प्रश्न भारतातच चाचणीला घातलेला आहे, त्यामुळे मतांवर थांबायची गरज नाही.

दिल्ली, राजस्थान आणि तमिळनाडूत ९०६ सॅम मुलं, गुंतागुंत नसलेली. चिठ्ठी टाकावी तसे तीन गट. पहिल्याला एकाच ठिकाणी कारखान्यात बनवलेली पेस्ट. दुसऱ्याला त्या-त्या भागात बनवलेली पेस्ट. तिसऱ्याला घरच्या अन्नासाठी शिधा आणि कसं, किती, केव्हा भरवायचं याचं मार्गदर्शन. सगळं मोफत, घरी जाऊन पाठपुरावा, जास्तीत जास्त सोळा आठवडे. २०१६ मध्ये निकाल छापून आला. बरी झालेली मुलं : स्थानिक पेस्ट ५६.९ टक्के, कारखान्याची पेस्ट ४७.५, घरचं अन्न ४२.८.

नीट वाचलं तर दोन्ही बाजूंना यात काहीतरी आहे. स्थानिक पेस्ट घरच्या अन्नापेक्षा स्पष्टपणे पुढं. कारखान्याची पेस्ट आणि घरचं अन्न यांतला फरक मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीला टिकला नाही. आणि शिधा व आधार मिळाल्यावर घरच्या अन्नावरही दहातली चार मुलं वर आली, हे मला तरी लहान वाटत नाही.

आता जे खटकतं ते. उपचार थांबवून मुलांना नेहमीच्या सरकारी सेवेकडं सोपवलं, आणि आणखी सोळा आठवड्यांनी पाहिलं तर तिन्ही गटांतली बरीच मुलं पुन्हा घसरलेली होती. त्या वेळी गटागटांत फरकही उरला नव्हता.

चुलीवरची_भाकरी

तेच तर सांगतेय. घर तसंच राहिलं की मूल परत तिथंच.

बालविभाग

मान्य. पण घर सुधारेपर्यंत ते मूल जिवंत राहायला हवं, आणि सॅम मुलाच्या मरणाचा धोका चांगल्या पोषणाच्या मुलाच्या कित्येक पट असतो. मी दोन्ही मागतो. पेस्टही आणि मजुरीही.

सेविका_भुदरगड

मोठ्या चाचण्या वाचल्या. आता खालचं सांगते, मी वीस-बावीस वर्षं अंगणवाडीत आहे.

पहिलं, मोजणं. दंडाची पट्टी सोडली तर सॅम ठरतं ते उंचीवर आणि वजनावर. दोन वर्षांखालचं मूल निजवून मोजायचं, एकीनं डोकं धरायचं, दुसरीनं गुडघे. मूल रडतं, पाय आखडतं. एक सेंटीमीटर चुकला की सॅमचं मॅम होतं आणि मॅमचं सॅम. मदतनीस रजेवर असली की एकटीनं मोजायचं, मग काय खरं येणार? तुम्ही पेस्ट कितीही चांगली करा, मोजमाप असंच राहिलं तर पेस्ट लागू पडली की नाही कधीच कळणार नाही. काटा रोज तोच हवा, कपडे काढून, शक्यतो त्याच वेळी.

दुसरं, वाटून खाणं. कोपीत तीन पोरं. मधल्याचा दंड लाल. आईच्या हातात पेस्ट दिली तर ती तिघांना बोट-बोट लावणार. कुठली आई एकाला देऊन दोघांना बघत बसवील? आम्ही वरून बोलतो, ‘हे औषध आहे, फक्त ह्यालाच’. ती मान हलवते. मी तिला दोष देत नाही. त्या दोघांसाठी वेगळं काहीतरी द्या, मग मधल्याचं त्याला मिळेल.

तिसरं, टोळी. आज इथं, आठ दिवसांनी मुकादम म्हणेल पलीकडच्या शिवारात. आई-बाप पहाटे चारला फडात. मोळ्या बांधताना बाळ पाचटावर निजलेलं असतं. दुपारी कोपीत मोठी बहीण असते, तीच सात-आठ वर्षांची. तिच्या हातून भरवायचं ठरवा. म्हणजे पाण्यात न कालवता, न शिजवता देता येणारं अन्न तिला सोपं पडतं. ताज्या गरम आहाराच्या बाजूची मी पण आहे, पण कोपीत दुपारी चूल पेटत नाही हो ताई.

चुलीवरची_भाकरी

सेविकाताई, हे वाचून गप्प बसले. कोपीतल्या दुपारचा विचार मी केला नव्हता. फडातच पाळणाघर आणि तिथं शिजवलेलं जेवण मिळायला हवं, ही मागणी मी सोडणार नाही. पण ते होईपर्यंत त्या लहान बहिणीच्या हातात काय द्यायचं, याचं उत्तर माझ्याकडं नाही.

तांबडा_पांढरा

विषय गंभीर आहे, तरी विचारतो. कोल्हापुरात बसून पांढऱ्या रश्शाचं नाव कुणीच काढलं नाही? मटणाचं पाणी, खोबरं, तीळ. आमच्यात बाळंतिणीला अळणी पाणी देतात, बाळ ताकदवान होतं. डॉक्टर, त्याची पण चाचणी घ्या की. स्वयंसेवक म्हणून अख्खी पेठ येईल.

बालविभाग

अख्ख्या पेठेचा दंडघेर मोजायला पट्टी पुरायची नाही. 🙂 गंमत सोडली तर, रस्सा म्हणजे मुख्यतः पाणी. मुलाचं पोट लहान, पातळ पदार्थानं ते भरतं आणि ऊर्जा पोचत नाही. साडेसहा किलोच्या सॅम मुलाला किलोमागे रोज १५० ते १८५ किलोकॅलरी, म्हणजे हजार-बाराशे किलोकॅलरी लागतात. वाटीभर पातळ पेज, वरणाचं पाणी, रस्सा यांतून ते होत नाही. त्या मटणातला तुकडा बारीक करून भातात तुपाबरोबर कालवला तर मात्र बाळाचं भलं होईल. अंडंही उत्तम.

शिरोळकर

अन्नतंत्र हा माझा विषय, दाण्याच्या मालाची तपासणी हेच रोजचं काम. दाणेकूटताईंच्या पाककृतीत मला तीन अडचणी दिसतात.

सगळ्यात आधी बुरशी. शेंगदाण्यावर अस्परजिलस नावाची बुरशी येते आणि ती अफलाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. पीक पक्व होताना पाण्याचा ताण पडला, किंवा काढणीला पाऊस लागून शेंगा नीट वाळल्या नाहीत, की धोका वाढतो. आपल्याकडं खरिपाची शेंग परतीच्या पावसातच निघते, तेव्हा समजून घ्या. हे विष डोळ्याला दिसत नाही, चवीला कळत नाही, आणि भाजून पूर्ण जात नाही. घाव यकृतावर, आणि सॅम मुलाचं यकृत आधीच दमलेलं. संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या निवेदनात पेस्टसाठी मर्यादा आहे किलोला पाच मायक्रोग्रॅम. त्यातही विष पोत्यात सारखं पसरलेलं नसतं. मूठभर खराब दाण्यांत खच्चून, बाकीच्यांत काहीच नाही. म्हणून एका वाटीचा नमुना देऊन ‘पास’ झालं म्हणणं फसवं आहे. प्रत्येक लॉटमधून अनेक जागचे दाणे काढून, एकत्र दळून, मग तपासायचं. काळे, सुरकुतलेले, फुटके दाणे हातानं निवडून टाकले तरी बराच धोका कमी होतो, आणि हे काम बचत गटाच्या बायकांइतकं नीट कुणी करत नाही.

मग गूळ. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, त्याचा अभिमान मलाही आहे. पण गुळात स्वतःचा ओलावा असतो आणि तो हवेतलं पाणीही ओढतो. या पेस्टचं सगळं बळ ती कोरडी असण्यात आहे. गूळ घातला की ते बळ जातं, शिवाय प्रत्येक ढेपेचा ओलावा वेगळा. गुळातलं थोडंफार लोह, खनिजं सॅम मुलाच्या गरजेपुढं नगण्य. पिठीसाखर वापरा, मनाला लागलं तरी.

राहिला बारीकपणा. कण २०० मायक्रॉनपेक्षा लहान हवेत. घरच्या मिक्सरवर ते जमत नाही, त्याला वेगळं दळणयंत्र लागतं. आणि ते १.६ टक्के मिश्रण दहा किलोच्या घाण्यात सारखं मिसळलं नाही तर एका मुलाला दुप्पट, दुसऱ्याला शून्य. पेस्टमध्ये महत्त्वाचं तेच असतं. दाण्यात जस्त, पोटॅशियम या मुलांना पुरेल इतकं नसतं, आणि असतं त्यातलं बरंच फायटेटमुळे, म्हणजे दाण्यातल्याच खनिजं अडवणाऱ्या घटकामुळे, अंगी लागत नाही.

आणि चिक्की सहा महिन्यांच्या बाळाला कधीच देऊ नका. घशात अडकते.

पेठेतला

शिरोळकर, गुळाला नाही म्हणालात, काळजात घुसलं. पण पटलं.

मिरजवाली

थोडं विषयांतर. ढाक्यात यापुढचं काम चाललंय. कुपोषित मुलाच्या आतड्यातल्या जिवाणूंची घडण वयाच्या मानानं कच्ची राहते, असं अमेरिकेतले जेफ्री गॉर्डन आणि बांगलादेशातले तहमीद अहमद यांच्या गटांनी दाखवलं. मग त्या जिवाणूंना पोसणारं अन्न शोधलं : हरभऱ्याचं पीठ, सोयाबीनचं पीठ, शेंगदाणे आणि कच्चं केळं. ढाक्यातल्या मीरपूर वस्तीत १२ ते १८ महिन्यांच्या मध्यम कुपोषित मुलांना तीन महिने देऊन नेहमीच्या पूरक पेस्टशी तुलना केली. २०२१ मध्ये निकाल आला. नव्या अन्नात कॅलरी कमी, तरी वजनाची वाढ जास्त वेगानं.

मला आवडलं ते हे की चारही जिन्नस आपल्या मंडईत मिळतात. मात्र ती मुलं मॅम होती, सॅम नव्हे, आणि संख्याही शंभर-सव्वाशेच. त्यावरून उद्या सॅम मुलांना बेसन आणि केळं देऊ नये.

बालविभाग

मिरजवाली, शेवटचं वाक्य लिहिलंत, बरं केलंत.

वकिलीणबाई

दाणेकूटताईंचा हक्काचा प्रश्न मागं राहिला, म्हणून लिहिते.

मुलांना देऊन तुलना करायची तर ते संशोधन झालं, मग पदार्थ कितीही घरगुती असो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे नैतिकता समितीची मंजुरी हवी, आणि चाचणीची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत पहिलं मूल घेण्याआधी करायची. आई-बापांची संमती त्यांच्या भाषेत समजावून. आईला वाचता येत नसेल तर कागद वाचून दाखवताना तिऱ्हाईत साक्षीदार हजर हवा. टोळीच्या बाबतीत मी अजून एक सांगेन : मुकादमाला साक्षीदार करू नका. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, त्यानं दिलेली असते. त्याच्यासमोर ती बाई ‘नाही’ म्हणू शकत नाही, आणि जिला नाही म्हणता येत नाही तिच्या ‘हो’ला संमती म्हणायचं का?

एका गटाला पेस्ट आणि दुसऱ्याला काहीच नाही, अशी चाचणी सॅम मुलांवर होऊ शकत नाही. दुसऱ्या गटालाही आज उपलब्ध असलेला चांगला उपचार मिळालाच पाहिजे. चाचणीत मुलाला इजा झाली तर उपचार आणि भरपाईची जबाबदारी कुणाची, ते आधी कागदावर हवं.

दाणेकूट

सगळ्यांचे आभार. दोन दिवस गटात मोठ्यानं वाचून दाखवतेय. शिरोळकरांचा बुरशीचा भाग ऐकल्यावर आमच्या एका काकूंनी पोतं ओतून निवडायलाच घेतलं.

आता नेमके प्रश्न. एक, आमच्या गटाला या कामात खरंच जागा आहे का, की हे मोठ्या लोकांचं काम? दोन, चाचणी झालीच तर पेस्ट ‘लागू पडली’ हे कशावरून ठरवायचं? तीन, गेल्या वर्षी दिले तसे लाडू द्यायचे की बंद करायचे?

बालविभाग

तिसऱ्यापासून घेतो. लाडू बंद करू नका. पण ते सॅम मुलाचा उपचार म्हणून देऊ नका. सेविकाताई म्हणाल्या ना, कोपीतल्या बाकीच्या दोघांसाठी काहीतरी द्या? तीन वर्षांवरच्या भावंडांना आणि गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आयांना लाडू द्या. निवडलेले दाणे, मऊ लाडू. वर्षभराच्या बाळाला दाण्याचं बारीक कूट दुधात किंवा मऊ भातात कालवून.

दुसरा प्रश्न. चाचणीत वजन वाढलं एवढं पुरत नाही. दंडघेर साडेबारा सेंटीमीटरवर गेला आणि सूज नाही, हे लागोपाठ दोन भेटींत दिसलं तर मूल बरं धरतात. किती बरी झाली, किती दगावली, किती मध्येच सुटली, हे तिन्ही आकडे सांगायचे. आणीबाणीतल्या उपचार केंद्रांसाठी जगभर धरलेली किमान पातळी अशी : ७५ टक्क्यांहून जास्त बरी, मृत्यू १० टक्क्यांहून कमी, सुटलेली १५ टक्क्यांहून कमी. टोळीत खरी परीक्षा तिसऱ्या आकड्याची आहे. सुटलेली मुलं हिशोबातून काढून टाकली की कुठलीही पेस्ट गुणकारी दिसते. सूज असलेली मुलं वेगळी मोजायची, कारण सूज उतरताना त्यांचं वजन आधी घटतं आणि ते चांगलं लक्षण असतं. आणि उपचार संपल्यावर चार-सहा महिन्यांनी परत मोजायचं. ९०६ मुलांच्या चाचणीनं हे केलं, म्हणून तर घसरण कळली.

पहिला प्रश्न. जागा आहे. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या केंद्रात अशी पेस्ट इथंच बनते आणि मुलांना दिली जाते, म्हणजे बाहेरून आणावीच लागते असं नाही. पण तुमच्या एकटीनं नाही. वैद्यकीय महाविद्यालयाचा बालरोग विभाग, एखादं अन्नतंत्र कॉलेज आणि तुम्ही, अशी तिघांची जोडणी हवी. पहिली पायरी फक्त चवीची : ठरलेल्या प्रमाणानं बनलेली पेस्ट मुलं खातात का, आयांना भरवणं जमतं का. त्यालाही समितीची मंजुरी लागते. बरं होण्याची तुलना त्याच्या बऱ्याच नंतर.

चुलीवरची_भाकरी

आणि त्या तुलनेत एक गट घरच्या अन्नाचा ठेवा, पुरेसा शिधा देऊन. नुसता सल्ला देऊन नको. तेल, अंडी, दूध, डाळ पोचवा आणि मग बघा. तसं केलंत तर मी स्वतः कोपीवर यायला तयार आहे.

बालविभाग

ठेवायलाच हवा. आणि या, खरंच या.

सेविका_भुदरगड

एक राहिलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली १०.९ टक्के मुलं तीव्र रोडावलेली निघाली, देशाचा आकडा ७.७ असताना. त्या आकड्यात आमच्या कोप्यांतली पोरं कुठल्या जिल्ह्याची धरली, मला माहीत नाही. गावी असतात तेव्हा तिथल्या वहीत, इथं आली की कधी आमच्या वहीत, कधी कुठंच नाही. तुमची पेस्ट चालू असताना हंगाम संपला तर मूल निम्म्या उपचारावर परत जाणार. तेव्हा पहिल्या दिवसापासून आईजवळ एक कार्ड द्या. वजन, दंड, पेस्ट किती दिली, पुढची तारीख, आणि तिच्या गावच्या सेविकेचा नंबर. मी माझ्यापुरतं साध्या वहीच्या पुठ्ठ्यावर हे करते. गावाकडच्या बऱ्याच जणी फोन उचलतात.

शिरोळकर

कार्ड छापायचा खर्च माझ्याकडं. दाणेकूटताई, या वर्षीच्या नव्या शेंगांचे नमुने घेताना मला बोलवा. पोत्यातून कुठून आणि किती काढायचे ते शिकवतो, त्याला पैसे नकोत.

पेठेतला

वर्गणीचं मी विसरलो नाही. तपासणीची फी तालीम भरेल. आकडा सांगा फक्त.

दाणेकूट

शिरोळकरदादा, नवी शेंग दसऱ्याच्या आगंमागं येते, तेव्हा फोन करते. पेस्ट आत्ता करणार नाही, गटात तसं ठरलं. या हंगामात भावंडांना लाडू, आणि सेविकाताईंच्या कार्डाचा नमुना आमच्या भागातल्या अंगणवाड्यांना. बालविभाग, तुम्ही सांगाल त्या दिवशी आम्ही तिघी-चौघी भेटायला येतो. येताना काय काय कागद आणायचे ते इथंच लिहा, म्हणजे दुसऱ्या गटांनाही उपयोगी पडेल.

बालविभाग

गटाची नोंदणी, अन्नसुरक्षा परवाना, दाणे कुठून घेता त्याची यादी, आणि गेल्या हंगामात ज्या वस्त्यांवर गेलात त्यांची नावं. मुलांची नावं आणू नका. गुरुवारी दुपारी ओपीडी संपल्यावर या.